माझं प्रास्ताविक आणि निल्याचं एकुलतं एक गाणं

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि पहिला रॉक गायक माझा धाकटा भाऊ निलेश. पहिल्या बातमीचे पेढे वाटले होते. दुसरी आम्ही नातेवाइकांपासून लपवून ठेवलेली.

निल्या 'ऑल्टरनेटिव्ह रॉक' गातो. म्हणजे रॉकच, पण कोणाला आवडलं नाही तर गायकाला राग येत नाही, उलट बरं वाटतं. गाणी स्वतःच लिहितो (ते ऐकल्यावर कळतंच!). त्यातलं सगळ्यात गाजलेलं, म्हणजे आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यापर्यंत गाजलेलं, असं आहे: 'टाकी भरली, पंप बंद करा, मी भरलोय, मी वाहतोय, पंप बंद करा!'

"निल्या, हे गाणं आहे की सोसायटीची नोटीस?"

"दादा, ते एकटेपणावर आहे."

"मग त्यात पंप कशाला?"

"तुला नाही कळणार. तू बी.कॉम. आहेस."

हे तो असं म्हणाला, जणू मला काहीतरी आजार आहे!

शेवटी बाबांनी निर्वाणीचं सांगितलं. एका मोठ्या संगीत महोत्सवासाठी बँड निवडणार होते. माजिवड्याच्या एका कॅफेत, रविवारी दुपारी, प्रत्येक बँडला अर्धा तास.

"निवड झाली तर गा बाबा," बाबा म्हणाले. "नाही झाली तर सोमवारपासून कोलशेतला, आमच्या जुन्या कंपनीत, स्टोअरमध्ये. मी साहेबांशी बोललोय."

निल्या तीन दिवस नीट जेवला नाही.

रविवारी आम्ही घरचे सगळे गेलेलो. खरं तर आमचं काम खाली बसून टाळ्या वाजवायचं. पण निवड करणाऱ्या मॅडम आलेल्या बघितल्या आणि आईने पिशवी उघडली. पिशवीत शाल आणि नारळ!

"अगं आई, इथे असं नसतं गं," निल्या कळवळला.

"का नसतं? एवढ्या लांबून आल्यात बाई. तशाच पाठवायच्या?"

मॅडमचे अर्धे केस निळे, अर्धे भादरलेले. भर मे महिन्यात आईने त्यांना स्टेजवर बोलावून शाल पांघरली. (फोटो हलला म्हणून दोनदा पांघरली.) नारळ कुठे ठेवायचा ते न कळून मॅडम तो मांडीवर घेऊन बसल्या, शेजारणीचं बाळ सांभाळायला दिल्यासारख्या. ह्यात सहा मिनिटं गेली.

आणि सत्कार झाला म्हणजे प्रास्ताविक आलंच! घरात माईकवर बोलण्याइतका शिकलेला माणूस एकच.

"दोनच शब्द बोलतो," मी म्हणालो, आणि खिशातून फुलस्केप कागद काढले.

सुरुवात बाबांनी सातवीत शाळा सोडून कोकणातून ठाणं गाठल्यापासून केली. तिथून माझ्या पदवीवर आलो. गायकाच्या मोठ्या भावाची जडणघडण समजल्याशिवाय गायक कसा समजणार? समोर कोल्ड कॉफी पिणारी पोरं एकमेकांकडे बघायला लागली. माझा फर्स्ट क्लास दोन मार्कांनी कसा हुकला ते मी सविस्तर सांगत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "दादा, बस ना आता!"

"तुझ्यावरच येतोय."

आलो, तेव्हा एकूण अठरा मिनिटं झालेली. मग मी त्याची गाणी हातात घेतली. "ह्यात यमक नाही, अर्थ नाही, आणि एवढं ओरडण्यापेक्षा कवी स्वतः जाऊन पंप का बंद करत नाही, ह्याचा खुलासाही नाही!" ड्रमवाल्याने वैतागून ड्रम बडवला. मला वाटलं, दाद! मी वाकून नमस्कार केला आणि मुद्दा पहिल्यापासून पुन्हा मांडला.

अखेर कॅफेच्या मॅनेजरने माझ्या हातातून माईक अक्षरशः सोडवून घेतला. "चार मिनिटं राहिलीत," तो निल्याला म्हणाला.

निल्याचे डोळे भरलेले. त्याला समोर पब्लिक नाही, कोलशेतचं स्टोअर दिसत होतं. पदवी घेऊन मी भावाला घरी बसवलं नव्हतं, थेट कामाला लावलं होतं!

त्याने तेच टाकीचं गाणं घेतलं. पहिल्याच ओळीला अख्खा कॅफे उभा! पोरं टेबलं बडवायला लागली, कोणीतरी शिट्टी मारली. संपल्यावर 'वन्स मोअर'चा गिल्ला झाला, पण वेळच संपलेली.

मॅडम शाल सावरत, नारळ काखेत धरून आल्या. "सिलेक्टेड," त्या निल्याला म्हणाल्या.

आईने डोळे पुसले. बाबांनी साहेबांना फोन करायला खिशात हात घातला. मी कॉलर नीट केली आणि पुढे झालो. "मॅडम, प्रास्ताविकाने वातावरणनिर्मिती झाली ना?"

"हो तर! तुमच्यानंतर कोणी नुसता मिक्सर लावला असता ना सर, तरी पब्लिक उठून नाचलं असतं."

निल्या महिनाभर माझ्याशी बोलला नाही. परवा मात्र स्वतःहून आला. "दादा, महोत्सवात आमच्या आधी बोलशील?"

"बोलेन की. किती वेळ?"

"तिथे जाणकार लोक येतात रे," तो गंभीरपणे म्हणाला. "निदान पाऊण तास तरी लागेल."

मी लगेच रजा टाकलीय.