टेंभुर्णे सरांचं कंट्रोल-क्यू

शालिकरामजी टेंभुर्णे सरांशी माझी ओळख झाली ती संगणक बिघडला, असं मला वाटलं म्हणून. बारावीनंतरच्या सुट्टीत मी दुर्ग जिल्ह्यातल्या चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतून रिसालीला, त्यांच्या रविवारच्या, लिनक्स या संगणकप्रणालीच्या वर्गाला आले होते. काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करता करता सवयीने सेव्ह करायला कंट्रोल-एस दाबलं. स्क्रीन जागच्या जागी गोठली. मी कीबोर्ड बडवला, शेवटी रागाने इंग्रजी अक्षरांत 'मर' लिहून एंटर दाबलं आणि पॉवरच्या बटणाकडे हात नेला.

"हात काढ तिथून," सर मागून म्हणाले. "मेली नाही ते. फक्त दाखवणं थांबवलं तिनं. तू लिहितं ते सारं ऐकून राहिली. कंट्रोल-क्यू दाब."

दाबलं. बडवलेलं सगळं एका दमात स्क्रीनवर आलं आणि खाली उत्तर आलं: 'मर' नावाची कमांड सापडली नाही.

"बघ, तिच्यापाशी ते कमांडच नाही," सर म्हणाले. "आता बस अन् पुढचं शिक."

सर तिथल्या पोलाद कारखान्याच्या संगणक विभागातून निवृत्त झालेले. कार्यालयांनी भंगारात काढलेले संगणक आणून, त्यांवर लिनक्स चढवून त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत हा वर्ग मांडला. तिथे माउस नव्हता. कुणी मागितला तर "कावून पाहिजे? हात उचलला का विचार तुटते," एवढंच ते म्हणत. फाइल पुसणारी 'आरएम' कमांड देण्याआधी 'पीडब्ल्यूडी' देऊन आपण कोणत्या फोल्डरमध्ये आहोत ते मोठ्याने वाचायचं, हा खोलीचा नियम. पीडब्ल्यूडी म्हटलं की नवे विद्यार्थी बांधकाम खात्यावरून हसत. सर हसू देत, मग सांगत, "हसा, पण वाचा. आरएमनं गेलेलं वापस येत नाही."

वर्ग आधी संध्याकाळी भरे, आणि मला उशिरापर्यंत बाहेर राहू देणं बाबांना मान्य नव्हतं. एका रविवारपासून वर्ग दुपारी भरू लागला. कारण सरांनी कधी सांगितलं नाही. त्यांनी माझ्यासाठी दुपारची झोप सोडली होती, हे सरांच्या पत्नीने, काकूंनी, पुष्कळ वर्षांनी, चहा गाळता गाळता सांगितलं. आज मी रायपूरला सर्व्हर सांभाळते, ती नोकरी त्या दुपारींमुळे आहे.

सरांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी लेख उमेद देणारा असावा असं कळवलं होतं. तसा तो मला लिहिता येत नाही. सरांना काचबिंदू आहे. तो उशिरा कळला. दुर्गच्या डॉक्टरांकडे मी सोबत गेले होते. गेलेली नजर परत येणार नाही, थेंब उरलेलीच सांभाळतील, असं डॉक्टर म्हणाले.

"अन् कंट्रोल-क्यू कुठं असते वो, डॉक्टरसाहेब?" सरांनी विचारलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

मी त्यांच्या संगणकावर स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्रॅम बसवला. "लय बोलते बापा हे, तुझ्या काकूवानी," ते म्हणाले, आणि आतून काकूंचा आवाज आला, "आयकू येऊन राहिलं मले!" स्वतःचं काम सर त्यावर करतात. पण ते शिकवायचे विद्यार्थ्याच्या मागे उभं राहून, त्याच्या स्क्रीनवर चूक पाहून. ते आता होत नाही. "काय दिसून राहिलं?" असं ते विचारतात. मुलं सांगतात, "सर, कुछ नहीं आ रहा." एवढ्यावरून चूक सापडत नाही. येणारे कमी होत गेले. मागच्या रविवारी कुणीच आलं नाही.

त्या दिवशी मी होते. सर ओळीच्या सुरुवातीला जायला कंट्रोल-ए दाबणार होते. बोट शेजारच्या एसवर पडलं. स्क्रीन थांबली, तिच्याबरोबर वाचणारा आवाजही. सर टाइप करत राहिले, मग थांबले, मान कलती करून वाट पाहिली. पुन्हा काहीतरी लिहिलं. मग त्यांचा हात चाचपडत पॉवरच्या बटणाकडे गेला. इतकी वर्षं आम्हाला तिथून हात काढायला लावणाऱ्या सरांचा हात.

"हात काढा, सर," मी म्हटलं. "कंट्रोल-क्यू."

त्यांनी दाबलं. अडकलेलं सगळं बाहेर आलं. शेवटची ओळ त्यांनी इंग्रजी अक्षरांत लिहिली होती. प्रोग्रॅमने ती सपाट आवाजात वाचली: आहेस का. मग उत्तरही वाचलं: अशी कमांड सापडली नाही.

आम्ही दोघंही हसलो नाही.

सरांना पंचाहत्तरीनिमित्त दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभो, असं इथे लिहायचं असतं. दीर्घ आयुष्य मी मनापासून मागते. निरोगी हा शब्द त्यांच्या डोळ्यांपुढे मला लिहवत नाही. उरलेली नजर किती टिकेल ते डॉक्टर सांगत नाहीत आणि मला माहीत नाही. रविवारी मी येईन, सर. तुमच्या मागे उभी राहीन आणि स्क्रीनवर जे असेल ते, जसंच्या तसं, मोठ्याने वाचेन.