आतले टाके

दुर्बिणीतून ऑपरेशन करायची मशिनं मी विकतो. कोल्हापूर, सांगली, निपाणी हा माझा पट्टा. दहा वर्षांपूर्वी राजारामपुरीतले डॉक्टर मला बाहेरच्या बाकावर ताटकळत ठेवायचे, आता तेच फोन करून बोलावतात. गर्भाची पिशवी काढायची म्हटलं की बायकाच आधी विचारतात, "पोट फाडणार न्हाय न्हवं?" मशीन घेणाऱ्याला मी दारावरच्या बोर्डाचा मजकूरही फुकट लिहून द्यायचो. 'आज ऑपरेशन, उद्या घरी, चौथ्या दिवशी कामाला!' हे माझंच डोकं. लई भारी वाटायचं तेव्हा.

माझी थोरली बहीण, आक्का, कागलकडच्या एका खेड्यात दिलेली. घरात चार म्हशी, दूध डेअरीला. पिशवीत गाठी झालेल्या, अंगावरून जाऊन जाऊन ती पार पांढरी पडली होती. ऑपरेशनला भ्यायची. मीच मागं लागून तिला राजारामपुरीत आणली. झकास झालं सगळं, पोटावर चार बारकी भोकं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी दाजींना बजावलं, "आत टाके आहेत. दीड महिना जड उचलायचं नाही." दाजींनी मान डोलावली.

आमच्याकडं ऑपरेशन झालं की भावकीतल्या बायका बघायला येतात. पदर सारून टाके मोजतात, चुकचुकतात, आणि मग त्या बाईला कुणी खाटेवरून उठू देत नाही. आक्काच्या पोटावर मोजायला काही नव्हतंच. एक जाऊ म्हणाली, "एवढंच व्हय? मला वाटलं ऑपरेशन केलंय."

चौथ्या दिवशी मी गेलो तर आक्का गोठ्यात शेण भरत होती. माझं टाळकंच सरकलं. पण मी तोंड उघडायच्या आत तिची सासू म्हणाली, "पावणं, दवाखान्याच्या दारात मोठ्या अक्षरात लिवलंय की, चौथ्या दिवशी कामाला. तुम्हीच लिवलंय म्हणं. आमी काय येगळं सांगतोय?"

दाजी मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेले. भांडायला पाहिजे होतं. आक्काला तशीच गाडीत घालून आणायला पाहिजे होती. पण बहिणीच्या सासरी आवाज चढवायचा नाही, ही आमची थोर अक्कल! चहा पिऊन परत आलो. जळो तो चहा.

नवव्या दिवशी वैरणीचा भारा उचलताना आतले टाके तुटले. साडी रक्तानं भिजली, दवाखान्यात आणेपर्यंत शुद्ध गेली. या वेळी पोट फाडावंच लागलं. वाचली, एवढंच.

मग मात्र सगळी भावकी लोटली. वीतभर टाके बघून बायकांनी तोंडाला पदर लावले. सासूनं तुपातला शिरा करून स्वतःच्या हातानं भरवला, "हलू नगंस बाई" म्हणाली. ढोंग नव्हतं ते, खरंच घाबरली होती. त्याचाच मला जास्त संताप आला.

सगळ्या गेल्यावर मी आक्काच्या उशाशी बसलो. "माझं चुकलं गं," म्हणालो आणि रडूच फुटलं.

ती छताकडं बघत होती. म्हणाली, "रडू नगंस. पैल्यांदाच फाडाय सांगायचं हुतंस रं. लगीन झाल्यापासनं मी अशी कधी झोपलीच न्हवते."