आईच्या लुगड्याचं अस्तर

थंडी काय असते हे मला मराठवाड्यात, आखाडा बाळापुरात कळलं. आमच्याकडे, रत्नागिरीच्या बाजूला, पौषातही एक चादर पुरायची. इथे सकाळी भांडी घासताना बोटं आपली वाटायची नाहीत. हे रस्त्याच्या कामावर रोलर चालवायचे. दुष्काळानंतर सडकेची कामं जोरात होती, त्यामुळे यांची बदली इकडे झाली आणि त्यांच्यामागून मी आले. नवी नवरी, चौथीत शाळा सुटलेली, आणि सगळ्याचीच धास्ती घेणारी. दूध उतू गेलं तरी वाटायचं, आता आपल्याला परत पाठवतील.

निघताना आईनं थोडे तांदूळ आणि तिचं नेसून मऊ झालेलं हिरवं लुगडं दिलं होतं. "गारठलीस तर पांघर गो," म्हणाली होती. पण मी ते पांघरत नसे. घडी करून उशाला घ्यायची. त्याला आमच्या चुलीचा आणि सुक्या मासळीचा वास होता. आमच्या मुलखातली, जवळ घेऊन झोपता येईल अशी तेवढीच वस्तू.

शेजारी एक म्हातारी राहायची. सगळी आळी तिला मावशी म्हणायची, मीही म्हणू लागले. एकदा अंगणात मला पाहून म्हणाली, "काहून कुडकुडून राहिलीस? गोधडी न्हाई व्हय तुझ्यापाशी?"

"मला शिवता येत नाही."

"मंग शीव. आल्यावर शिवणार, का शिवल्यावर येणार?"

अस्तराला लांबरुंद मऊ कापड पाहिजे म्हणून ती घरात डोकावली, आणि तिला माझी उशी दिसली. "हे बराबर हाय."

मी लुगडं पोटाशी धरलं. "मावशी, बिघडली तर?"

"तर बिघडली. उशाला ठिवून कुनाची थंडी गेली का?"

मी कात्री शोधायला लागले तर तिनं हात धरला. "कात्री न्हाई लावायची. कात्री वाकडी जाते. कापड आपल्या सुतानं सरळ फाटते." तिनं दातानं काठाला चीर दिली आणि दोन टोकं माझ्या हातात दिली. "वढ." मी डोळे मिटून ओढलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो. उघडून पाहिलं तर कडा दोरीसारखी सरळ होती, पण आता मागे फिरणं नव्हतं. गोधडी बिघडली तर आईचं लुगडंही गेलं.

दोन तुकडे कडेला कडा लावून जोडले, ते अस्तर. मध्ये यांच्या जुन्या खाकी पॅन्टी आणि मावशीनं दिलेलं एक विरलेलं धोतर. वर बाजारातल्या शिंप्याकडची कातरणं, कुणाच्या चोळीची, कुणाच्या पोराच्या शाळेच्या सदऱ्याची. "कडेनं सुरू कर, फिरत फिरत मधी ये," मावशीनं सांगितलं. "आन जमिनीवर पसरूनच शिवायची, ध्यानात ठिव."

समोरच्या घरातली वहिनी पाण्याला जाता-येता थांबायची. माझे टाके बघून म्हणाली, "कोकनात जाळं इनत व्हतीस का वं? यातून मासे बी सुटतील."

मी मान खाली घालून टाके बारीक करत गेले.

पण जमीन फार गार होती. एके दुपारी मावशी नव्हती, तेव्हा मी गोधडी मांडीवर ओढून घेतली. ऊब लागली. आधी कधी हात असा चालला नव्हता. कडेपासून चांगलं वीतभर आत आले. तेवढ्यात मावशीनं हाक मारली म्हणून उठले, तर गोधडी माझ्याबरोबर उठली! मी ती माझ्या नेसत्या साडीला शिवून टाकली होती.

वहिनीनं घागर खालीच ठेवली. "बाया हो, या! कोकनची नवरी गोधडी नेसून उभी हाय!"

सगळी आळी हसली. मला हसूही येईना, रडूही. मी घाईघाईनं टाका उसवायला गेले तर दोऱ्याबरोबर आईच्या लुगड्याचं सूत वर आलं आणि भोक पडायला लागलं.

"थांब!" मावशी पहिल्यांदाच ओरडली. "जुनं कापड हाय, उसवू नको. अंगावरलं काप."

अंगावर लग्नातली साडी होती, रोजच्या दोनपैकी बरी ती. मी मावशीकडे पाहिलं, मग त्या हिरव्या कापडाकडे. वहिनी हसायची थांबली. मीच कात्री घेतली आणि टाक्यांच्या कडेकडेनं माझी साडी कापली. गोधडीच्या पोटाखाली माझ्या साडीचा तुकडा कायमचा राहिला. साडीच्या भोकाला उरलेल्या हिरव्या चिंधीचं ठिगळ लावलं. हे घरी आल्यावर बघून म्हणाले, "ही कुठली फॅशन?" मी म्हटलं, "बाळापूरची."

पुढे जमिनीवर पसरून शिवली. मध्याशी येऊन शेवटचं ठिगळ राहिलं तेव्हा मावशीनं माझा हात थांबवला. गोधडीचं पोट उपाशी ठेवायचं नसतं म्हणे. तिनं ज्वारीच्या भाकरीचा तुकडा आत सरकवला. मी घरात जाऊन आईनं दिलेल्या तांदळातली चिमूट आणली.

"दोन्ही जेवू दे," मावशी हसली. मी शेवटची गाठ मारली.

मग वहिनी पुढे आली. "असं न्हाई चालत. वढून बघावं लागते." दोन टोकं तिनं धरली, दोन मी. ती शेतात राबणारी बाई, पाय रोवून असं ओढलं की माझे दात आवळले गेले. मी कान देऊन होते. तोच आवाज येतो का, लुगडं फाटल्याचा. तिनं पुन्हा झटका दिला. एक सूत हललं नाही.

वहिनीनं माझ्या साडीच्या तुकड्यावर बोट फिरवलं. "इथं तर लईच घट्ट हाय वं." मग जरा घुटमळून म्हणाली, "माझी बी गोधडी शिवायची हाय येक. येशीन का बसायला?"

"येईन की," मी म्हटलं, "पण मांडीवर घ्यायची नाही हं." सगळ्यात मोठ्यानं तीच हसली.

दुसऱ्या दिवशी उन्हं अंगणात आली तरी हे गोधडीतून उठले नव्हते. दारात मुकादम हाका मारत होता. एवढ्या वर्षांच्या नोकरीत रोलर उशिरा सुरू झाला तो त्याच सकाळी, आणि तो माझ्यामुळे.