गोड्या पाण्याचा हट्ट

ओमानमधल्या रुसैलच्या कारखान्यात मी सिमेंटच्या कोरड्या मिश्रणांची तपासणी करायचो. दोन हजार दहानंतरच्या त्या वर्षांत आमच्या कंपनीला आतल्या वाळवंटातलं एक काम मिळालं. तिथं टेकडीखाली मिठाची जुनी खाण होती, हातांनी खणलेली आणि कधीच सोडून दिलेली. वरची जमीन खचायला लागली होती, आणि तिच्यावरूनच जवळच्या वस्तीतली मुलं पिकअपमधून शाळेला जात. बोगदे सिमेंटने भरून ती वाट भक्कम करायची, एवढंच काम.

एवढंच, पण मिठात. मीठ गोड्या पाण्यात विरघळतं, हे सांगायला माणूस इंजिनियर असावा लागत नाही. म्हणून अशा जागी सिमेंट खाऱ्या पाण्यात कालवतात. शंभर लिटर पाण्याला साधारण छत्तीस किलो मीठ घातलं, की ते पाणी आणखी मीठ घेऊच शकत नाही; भिंतीला हात लावत नाही. मी तसं आधीच कळवलं होतं.

आमचे साइट मॅनेजर पुण्याचे. सगळी हयात पूल बांधण्यात गेलेली. पुलात लोखंड असतं आणि ते खाऱ्या पाण्यानं गंजतं, म्हणून सिमेंटला खारं पाणी लावायचं नाही, हा नियम त्यांच्या हाडीमाशी भिनलेला. आमच्या धंद्यात बहुतेकांच्या भिनलेला असतो. पण या खाणीत लोखंडाचा खिळासुद्धा घालायचा नव्हता. तरी त्यांनी लांबून पिण्याच्या पाण्याचे टँकर मागवले. वाळवंटात, पिण्याचं पाणी! मी खाणीतला एक खडा त्यांच्या केबिनमध्ये नेला, पाण्याच्या पेल्यात टाकला आणि म्हटलं, हा विरघळेपर्यंत मी इथेच बसतो.

"अहो, लोणचं घालायचंय का आपल्याला?" ते हसले. "कोकणातली माणसं तुम्ही. जिथं जाल तिथं समुद्र लागतो तुम्हाला."

बाकीचेही हसले. पेला त्यांनी खिडकीतून बाहेर ओतला.

पहिला बोगदा भरून झाला. आठवड्यानं मी टॉर्च घेऊन भरावाच्या तोंडाशी गेलो, तर घट्ट झालेलं सिमेंट आणि मिठाची भिंत यांच्या फटीत माझं बोट सहज आत जात होतं. आमच्याच पाण्यानं भिंत खाल्ली होती. मॅनेजरांचं म्हणणं, सिमेंट थोडं आकसलंय. वरून पातळ मिश्रण सोडा. तेही गोड्या पाण्यातलंच. आणि वाट मोकळी झाल्याचं त्यांनी वस्तीला कळवूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी वस्तीतला एक म्हातारा ओमानी खात्री करायला आला. मॅनेजरांनी हात उंचावून इन्शाल्ला, नो प्रॉब्लेम वगैरे सांगितलं. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं आणि मग बाजूला उभ्या असलेल्या माझ्याकडे वळला; तिकडे कुणालाही 'सदीक', दोस्त, म्हणूनच हाक मारतात.

"सदीक, बच्चा लोग का गाडी जाएगा?"

"ला," मी म्हणालो. "नहीं जाएगा."

तो तडक वस्तीकडे गेला. आपली पिकअप आणली आणि वाटेवर आडवी लावून ठेवली.

परतताना गाडीत मॅनेजर बराच वेळ बोलत होते. परक्या माणसासमोर मी आपल्या माणसाची अब्रू घालवली, चार भिंतींत सांगता आलं असतं, मराठी माणूसच मराठी माणसाचे पाय ओढतो. चार भिंतींत मी सांगितलं होतं, तेव्हा त्यांना लोणचं आठवलं होतं. शेवटी मला राहवेना.

"वाट त्यांची, पोरं त्यांची," मी म्हणालो. "तिथं परके आपण आहोत, साहेब."

 पुढच्या रविवारी, तिथला आठवडा सुरू होताच, त्यांनी मला लांबच्या सहम गावातल्या गोदामावर पाठवलं. दुसऱ्या कंपनीनं खाऱ्या पाण्यात कालवून काम पुन्हा करेपर्यंत ती वाट बंदच राहिली.