खिशातल्या बांगड्या

देवानं माणसाला दहा बोटं जेवायला नाही, बॉल उचलून द्यायला दिली, असं छातीठोकपणे सांगणारी साऱ्या नागपुरात एकच बाई होती, अन् ती माझी बायको होती. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं कामही तेच रोजचं ठरलं. सक्करदऱ्याच्या मैदानावर त्या सकाळीही तिनं हातातल्या काचेच्या बांगड्या उतरवून माझ्या शर्टाच्या खिशात टाकल्या, मी बॉल उचलून दिला, अन् ती ओरडली, "डबल!" डबल म्हणजे बॉल दोन्ही हातांना एकदम लागला नाही, आधी एका हाताला लागला, मग दुसऱ्या. माझी ही चूक बत्तीस वर्षं चालू होती.

मी चौथी शिकलेला, गॅरेजात पाने फिरवलेला माणूस. ती सावनेरची, शाळेच्या व्हॉलीबॉल टीमची सेटर. सेटर म्हणजे मारणारीला बॉल नीट वर काढून देणारी. टाळ्या मिळतात मारणारीला, मेहनत हिची. लग्नानंतर तिनं गल्लीतल्या बाया गोळा केल्या, कोणाच्या घरी सून आलेली, कोणाचे गुडघे गेलेले. शिकवणं एकच. कपाळापुढे अंगठे अन् तर्जन्यांची खिडकी करा, खिडकीतून बॉल पाहा, पेरांनी वर सोडा. तळव्याचा आवाज आला की संपलं. शेजारच्या मंदाबाईला तिनं सगळ्यांदेखत ऐकवलं, "बॉल उचलून राहिली का गोवऱ्या थापून राहिली वं?" मंदाबाई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी मैदानात हजर.

बाजारात गेली तर कोबी हातात घेऊन आधी वर उडवून पाहायची. एकदा तो भाजीवाल्याच्या तराजूतच पडला. भाचीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ही मागून ओरडली, "अंतरपाट ताणा गा, मधातून लोंबून राहिला! अशी नेट असते काय?" भटजी ओळ विसरले, नवरदेव हसला. भाचीच्या मोबाइलात तो आवाज अजून आहे.

माझी आई मात्र बांगड्यांवरून मरेपर्यंत कुरकुरली. सवाशिणीनं रोज हात मोकळे केले तर नवऱ्याचं आयुष्य कमी होते म्हणे. ही म्हणायची, "फेकून थोडीच देऊन राहिली मी? त्याइच्याच खिशात ठेवते." अन् मला बजावायची, "अजी, गुडघे वाकवा. वाकले तर खिशात बांगड्या वाजतीन, मले पाहाच लागत नाही." मी आपला विजेच्या खांबासारखा उभा. तिनं एकदा तरी 'बरोबर' म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. मागितलं तर म्हणायची, "काहून म्हणू? खोटं बोलू काय?"

त्या शेवटच्या सकाळी मैदानावरून घरी आल्यावर ती चहा मांडायला गेली अन् ओट्यापाशीच बसली. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. बायांनी तिला नवा हिरवा चुडा भरला. रोजच्या बांगड्या माझ्या खिशातच राहिल्या. आईचं म्हणणं उलटंच निघालं. मी धडधाकट, अन् ती गेली.

तेरवी झाली, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोच शर्ट घातला, बांगड्या चाचपल्या अन् मैदानावर गेलो. बाया पायरीवर बसल्या होत्या. नेट कोणी बांधली नव्हती. मी बांधली, मधातून लोंबणार नाही अशी ताणून. मग मंदाबाईला म्हटलं, "टाका बॉल."

तिनं टाकला. मी कपाळापुढे खिडकी केली, बॉल पाहिला, अन् पहिल्यांदा गुडघे वाकवले. खिशात बांगड्या वाजल्या. सगळ्या बायांनी ऐकल्या. बॉल चांगला उंच गेला, अन् मंदाबाई पदरानं डोळे पुसता पुसता ओरडली, "भाऊजी, डबल!"

लई बरं वाटलं. मी बॉल आणायला गेलो.