कणगीतला कारागीर

पोशा बढाई मारायला लागला की त्याला आवरणं कुणाच्या बापाला जमत नाही. तो डोंगराखालच्या ठाकरवाडीतला, मी कडावचा दुकानदार. त्याच्या टोपल्या वर्षानुवर्षं माझ्याकडे विकायला येतात, आणि त्यांच्याबरोबर बढाई फुकट येते. म्हणून जुन्या हस्तकलांचं चित्रीकरण करणारी ऋतिका पुण्याहून आली आणि भाताची कणगी विणणारं कुणी उरलंय का, असं विचारू लागली, तेव्हा मी तिला टेंपोत घालून सरळ पोशाच्या दारात नेलं. म्हटलं, फिटू दे एकदाची म्हाताऱ्याची हौस.

कणगी म्हणजे भात साठवायची बांबूची भलीमोठी कोठी. पोशा तिच्या आत उभा राहतो आणि स्वतःभोवती कामट्या गुंफत वर वर चढवत नेतो. हल्ली घरोघरी पत्र्याच्या कोठ्या आल्या, कणगी कोण विचारतो?

त्या दिवशी पोशाने धुतलेला सदरा घातला, टोपी नीट बसवली. शेजारी त्याची बायको चिंधी नेहमीसारखी कोयत्याने कामट्या काढत बसली होती.

"तू जरा लांब बस गं. फोटोत येशील," पोशा म्हणाला.

चिंधीने कोयता ठेवला आणि ओट्याच्या टोकाला जाऊन पानाचा डबा उघडला.

"मदतीला कोण असतं, बाबा?" ऋतिकाने कॅमेरा लावून विचारलं.

"कोण आसणार? मी एकलाच!"

"आणि उंची किती ठेवायची, ते कसं ठरवता?"

"नजरंत हाय माझ्या. मापबीप लागत नाय आपल्याला."

चिंधीने पानाला चुना जरा जोरातच फासला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कणगी खांद्याला आली. एरवी पोशा इथे थांबतो. पण ऋतिका म्हणाली, "वा बाबा!" आणि म्हातारा चेकाळला. आणखी वीण, त्यावर आणखी वीण. शेवटी टोपीसुद्धा दिसेनाशी झाली.

"झाली!" आतून आरोळी आली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग बारीक आवाजात, "अगं ए, हात दे ना."

कणगी पुरी झाली की चिंधी उखळ पालथं घालते, त्यावर चढते आणि नवऱ्याच्या काखेत हात घालून त्याला बाहेर ओढते. काडीसारखा तर आहे तो.

"एकलेच हाय ना तुमी? मग निघा एकलेच," चिंधी पान चघळत म्हणाली.

ऋतिका घाबरली. "आपण कणगी आडवी करूया का?"

"नगं, नगं! सारवलेली नाय अजून, वीण सरकंल!"

"मग आत स्टूल टाकू?"

"बूड फाटंल!"

मी हसू लपवायला टेंपोमागे गेलो. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटत होतं.

अखेर चिंधीला दया आली. उखळावर चढून तिने हात आत घातले, पण ते काखेपर्यंत पोचेनात. टोपी तेवढी लागली. तीच घेऊन ती खाली उतरली.

"उसवा," ती म्हणाली. "वरची वीण उसवा."

"अगं, पण फोटो..."

"मग ऱ्हावा आत. भातासंगं."

आतून कामट्या सरकल्याचा आवाज येऊ लागला. ऋतिकाने कॅमेरा बंद केला नव्हता. "बाबा, कुठपर्यंत उसवणार?" तिने विचारलं.

आवाज थांबला.

"हिचा हात पोचंल तिथवर," पोशा म्हणाला. "आमची कणगी तेवढीच आसते. लगीन झाल्यापासनं."

इतकी वर्षं मी त्याच्या बढाया ऐकल्या, पण हे तो कधी बोलला नव्हता. मला एकदम फार आवडला तो.

चिंधीने पान थुंकलं, पुन्हा उखळावर चढली आणि त्याच्या काखेत हात घातले. पोशा अर्धा वर आला. तिथेच त्याला लटकत ठेवून तिने ऋतिकाकडे मान वळवली.

"चालू हाय ना गं ते?"

"हो, आजी."

"माझं नाव चिंधी. कामट्या मी काढते. सारवते मी. आन ह्यांना भाईर बी मीच काढते."

मग तिने त्याला बाहेर काढलं.