मेव्हण्यानं न नेलेली दारं

हुमनाबादच्या बाजारात 'हो' म्हणून पोट भरणारी माणसं पुष्कळ. 'नाही' म्हणून प्रपंच करू पाहणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा चुलतभाऊ निघाला. लढाईतली एक जुनी लारी लिलावात घेऊन तो भाड्यानं माल वाहायचा. मालक तोच, ड्रायव्हर तोच. मी तेव्हा माल लावून देण्याचा धंदा करत होतो. व्यापाऱ्याचा माल घ्यायचा, लारीवाला गाठायचा आणि दोघांशीही घासाघीस करायची. हमाली करून वर आलो होतो, त्यामुळे भाव पाडण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. पण मेव्हण्यापुढे माझी विद्या चालत नसे. माल पसंत नसला आणि मी भाडं वाढवलं, की त्याचा नकारही तेवढाच वाढायचा.

माल पाहायची त्याची रीत ठरलेली होती. मालाभोवती एक फेरी, मग खाली बसून वास, मग माझ्या खर्चानं चहा, मग एक उलटी फेरी. लारीचा मागचा फाळका उघडा राहिला तर होकार, धाडकन लागला की विषय संपला. तो आवाज ऐकला की समोरचा पानवाला ओरडायचा, "दाजीचं भाडं गेलं बगा!" मेव्हणा मला दाजी म्हणतो म्हणून सारा बाजार मला दाजी म्हणायला लागला होता. मिरच्या तो घेत नसे. लारीला शिंका येतात म्हणे. केरसुण्यांच्या मोळ्या आल्या तेव्हा त्यानं व्यापाऱ्याला विचारलं, "लक्ष्मी उभी न्यायची का आडवी, ते आधी ठरवा." उभी ठेवावी तर चार मोळ्यांत लारी भरते, आडवी ठेवावी तर देवीवर देवी पडते. बिचारा व्यापारी विचार करत घरी गेला, तो परत आलाच नाही. एकदा म्हातारे बैल न्यायचे होते. मेव्हण्यानं एका बैलाच्या मानेवरचा घट्टा चाचपला.

"दाजी, ह्यानं जलमभर गाडी वढली. आता ह्यालाच गाडीत घालून इकायला न्यायचं? त्याला काय वाटंल?"

"बैलाला काय वाटतंय रे!"

"तुमी कंदी इचारलं न्हाई, म्हणून तुमाला ठावं न्हाई."

मी चिडून टोपी आपटली. त्यानंच ती उचलली, झटकली आणि माझ्या डोक्यावर नीट ठेवली.

म्हणून दारांच्या वेळीही मला वाटलं, याचा आणखी एक विक्षिप्तपणा. निजामी बुडाली त्या पोलीस ॲक्शनच्या दुसऱ्या वर्षी सागवानी दारं-चौकटींचा एक ढीग मला कवडीमोलानं मिळाला. विकणारा म्हणाला, "मोकळ्या घरातली हायत, मालक." घरं मोकळी कशी झाली, हे आमच्या भागात त्या वर्षी कोणी कोणाला विचारत नव्हतं. मीही विचारलं नाही. भाव मात्र आणखी पाडला. सोलापूरचं गिऱ्हाईक वाट पाहत होतं. मेव्हणा आला, फेरी मारली. वास घेतला नाही, चहा घेतला नाही. एका चौकटीच्या माथ्यावर दोन लोखंडी कड्या होत्या. त्यांतल्या एकीत बोट घालून उभा राहिला.

"ह्या पडद्याच्या कड्या हायत, दाजी. त्या घरच्या गोशातल्या बाया परत आल्या तर पडदा कुठं बांधतील?"

"येत न्हाईत ते आता!" मी भर बाजारात ओरडलो.

"येतच न्हाईत, तर दारं न्यायची एवढी घाई कामून करायलाव?"

फाळका त्या दिवशी त्यानं अगदी हळू लावला. तरी सगळ्यांनी ऐकला. पानवाला खाली मान घालून पानाला चुना लावत राहिला.

माझी एक तक्रार आजही कायम आहे. हे त्यानं मला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. घरचा माणूस ना तो? चारचौघांत माझं तोंड काळं केलं. संध्याकाळ व्हायच्या आत मी गावातल्या माल लावणाऱ्या एकूणएक पेढीवर गेलो आणि सांगून आलो, "हा अर्ध्या वाटेत माल टाकून जातो." हे खोटं होतं. ओढ्याला पूर आला तेव्हा माझ्याच गुळाच्या ढेपांपाशी तो दोन दिवस उपाशी बसला होता. पण त्या दिवसापासून त्याला कोणी माल देईना. लारी लिंबाखाली उभी राहिली, तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. कोणी टोकलं तर म्हणायचा, "एक माल तरी येळेवर उतरायलाय की!" पावसाळ्याआधी त्यानं लारी विकली आणि आमच्याच जिल्ह्यातल्या मेहकरला शेती करायला गेला. पेढ्यांवर जाऊन माझं ते वाक्य परत घ्यावं असं पुष्कळदा मनात आलं; पण आता लारीच नाही, मग कशाला, अशी मी माझ्याशीच घासाघीस करत राहिलो. तेवढ्या घासाघिशीत मात्र मी जिंकलो.

दारं दुसऱ्या लारीनं सोलापूरला गेली. कड्यांची चौकट तेवढी मी ठेवून घेतली. घडण सुरेख होती. नव्या घराला बसवली, बायकोनं त्या कड्यांना आंब्याचं तोरण बांधलं. दर पौषात मेव्हणा तुरीच्या शेंगांचं गाठोडं घेऊन बहिणीकडे येतो आणि ओट्यावरच बसतो. "आत ये की रे," ती म्हणते. "पाय चिखलाचे हायत, अक्का," तो म्हणतो. पौषात चिखल कुठला? वेडाच आहे म्हणून आम्ही दोघं हसायचो. माझं हसू कधी थांबलं ते आठवत नाही. तोरण बदलताना एकदा माझंच बोट त्या कडीत गेलं होतं, बहुधा तेव्हा.

यंदा तो आला तेव्हा मी म्हणालो, "चौकट काढून देतो. तुझी बैलगाडी आण आन् घिऊन जा. एवढ्या मालाला तरी न्हाई म्हणू नको."

तो उठला. पहिल्यांदाच उंबऱ्यापर्यंत आला, वाळक्या तोरणाआडची कडी चाचपली. "नेतो की. कुठं उतरवू, दाजी?"

चौकट कोणत्या गावची, कोणाच्या घरची, मी विचारलंच नव्हतं. विकणारा ढीग टाकून गेला तो पुन्हा दिसला नव्हता. मेव्हणा परत ओट्यावर जाऊन शेंगा सोलू लागला. मी त्याच्या शेजारी बसलो.

आतून बायकोनं हाक मारली, "च्या झालाय, आत या की दोघं बी."

मेव्हण्यानं माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या कोरड्या पायांकडे पाहिलं आणि म्हणालो, "हितंच दे. पाय चिखलाचे हायत."